दारू सोडली आणि आवाजातली आग गेली म्हणतात, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं: वय ३२, मूळची नाशिकची, पुण्यात नोकरी. गेली आठेक वर्षं एका ब्लूज-रॉक बँडची लीड सिंगर (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेलं गाणं). सुरुवातीला फक्त स्टेजवर जायच्या आधी दोन पेग, मग गिग म्हणजे शो नसतानाही रोज. गेल्या वर्षी एका शोमध्ये दोन गाण्यांचे शब्द विसरली, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला अडखळून पडली, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि त्याच सुमारास ठरलेलं लग्नही मोडलं. त्यानंतर डॉक्टरांच्या मदतीने दारू सोडली, आता सहा-सात महिने थेंबही नाही. पण बँडचा गिटारिस्ट, जो बँड चालवतोही, म्हणतो की तुझ्या आवाजातली आग गेली. तिलाही तसंच वाटतंय. डिसेंबरमध्ये एका मोठ्या स्टेजवर स्लॉट मिळालाय आणि गिटारिस्टचा सल्ला आहे की 'फक्त त्या दिवशी दोन पेग घे'. आई म्हणते हे सगळं सोड, नाशिकला ये, आपण दोघी मिळून गाण्याचा क्लास चालवू. तिचा प्रश्न: दोन पेग घेऊ की गाणं सोडू? आणि शेवटी एक ओळ, 'ताई, ब्लूज म्हणजे दुःख, बरी झालेल्या बाईने ब्लूज कसं गायचं?' (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

प्रिय मैत्रिणी,

आधी घाईचं सांगते, बाकीचं नंतर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात असं लिहिलंयस पण कुठल्या ते नाही लिहिलंस. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी, असेल तर दोन काय, एका पेगनेही छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, असं सगळं होऊ शकतं आणि ते जीवावरही बेतू शकतं. गोळी थांबवली तरी तिचा असर पुढे दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे 'शोच्या आधी चार दिवस गोळी बंद करते' असला हिशोब मनातसुद्धा करू नकोस. आज डॉक्टरांना फोन कर आणि हे नेमकं विचार. गिटारिस्टला हे माहीत नसेल, म्हणून तो सहज बोलून गेला असेल, पण तुला माहीत असायलाच हवं.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण मला वाटतं सगळी गडबड तिथेच आहे.

ब्लूज म्हणजे दुःख हे तुला कोणी सांगितलं गं? म्हणजे दुःख आहे त्यात, नाही कोण म्हणतंय, पण हे संगीत वाढलं ते शनिवारी रात्री, आठवडाभर शेतात राबून आलेल्या लोकांच्या नाचाच्या अड्ड्यांवर. त्यात भाडं मागणारा घरमालक आहे, पुरात वाहून गेलेलं घर आहे, चावट विनोद तर इतके आहेत की आईसमोर ऐकायची सोय नाही. आणि गाणारे लोक हाडाचे व्यावसायिक होते. ब्लूज गायिका बेसी स्मिथने १९२५ मध्ये स्वतःसाठी रेल्वेचा अख्खा डबा घेतला होता, त्यातून ती आपला ताफा घेऊन गावोगाव शो करत फिरायची. ब्लूजचा गायक-गिटारिस्ट बी. बी. किंगने एकट्या १९५६ या वर्षात ३४२ कार्यक्रम केले असं सांगतात. आता वर्षाला ३४२ शो करणारा माणूस रोज संध्याकाळी नव्याने मन मोडून घेऊन स्टेजवर जात असेल का? तो कामावर जायचा! बेसी भरपूर प्यायची, तेही लपवत नाही, पण तिची रेकॉर्डिंग ऐक, शब्द कुठे तोडायचा आणि कुठला स्वर किती वाकवायचा यावर तिची जी पकड आहे ती दारूतून आलेली नाही, लहानपणी रस्त्यावर आणि पुढे तंबूतल्या खेळांमधून गात आल्याने आलेली आहे.

तुझ्याच जागी उभी असलेली एक बाई तुला माहीतच असणार, तुझ्या सेटमध्ये तिची गाणी असतील बहुतेक. बॉनी रेट. वडील ब्रॉडवेचे नावाजलेले गायक, मुलगी कॉलेजात असतानाच जुन्या ब्लूजवाल्यांच्या मागे लागली, फ्रेड मॅकडॉवेल, सिपी वॉलेस यांच्यासारख्यांसोबत राहून शिकली, स्लाइड गिटार तर अशी वाजवते की बघत राहावं. १९७१ ला पहिला अल्बम आला. पुढची बारा वर्षं समीक्षक खूश, विक्री बेताची, आणि १९८३ मध्ये वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तिला काढून टाकलं. दारू आणि बाकीचं सगळं चालूच होतं. तिने नंतर स्वतःच सांगितलंय की अस्सल ब्लूजवाली व्हायचं तर तसंच जगायला लागतं असा तिचा समज होता. ओळखीचं वाटतंय ना?

मग १९८७ मध्ये तिने सोडली. आणि सोडायचं धैर्य कुठून आलं तर ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनला बघून. स्टीव्ही रे सप्टेंबर १९८६ मध्ये जर्मनीच्या दौऱ्यावर कोसळला, तेव्हा वय ३१, म्हणजे तुझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. हॉस्पिटल, मग लंडनमध्ये उपचार, मग अमेरिकेत व्यसनमुक्ती केंद्र. बाहेर आला तेव्हा त्यालाही हीच धास्ती होती की आता आपल्याला वाजवता येईल का. आणि बॉनीने बघितलं की तो पूर्वीपेक्षा चांगला वाजवतोय. त्याचा १९८९ चा 'इन स्टेप' हा अल्बम काढून ऐक, त्याच्या नावातच व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा उल्लेख लपलाय आणि गाण्यांतही तो याच सगळ्याबद्दल बोलतो. (पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका शोनंतर धुक्यात त्याचं हेलिकॉप्टर पडलं आणि तो गेला, ३५ व्या वर्षी. लोक हे सुद्धा 'रॉकवाल्यांचा शेवट असाच' या खात्यात टाकतात, ते मला अजिबात आवडत नाही. तो जवळपास चार वर्षं कोरडा होता.)

बॉनीचं पुढे काय झालं? १९८९ मध्ये 'निक ऑफ टाइम' आला. शीर्षकगीतात मूल हवं असलेली पण वेळ निघून चाललेली मैत्रीण आहे, म्हातारे होत चाललेले आईवडील आहेत. चाळिशीला टेकलेल्या बाईच्या आयुष्यात असतं तेच. १९९० च्या ग्रॅमीत एका रात्रीत चार बक्षिसं, त्यात वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही, आणि एक जॉन ली हूकरबरोबर गायलेल्या गाण्याला, म्हणजे ब्लूजच्या बापमाणसाबरोबर! कोणी म्हणालं नाही की ही बरी झाली म्हणून हिला ब्लूज जमत नाही. २०२३ मध्ये ७३ व्या वर्षी 'साँग ऑफ द इयर' घेऊन गेली ते वेगळंच.

पण हे वाचून 'म्हणजे सोडली की आपोआप भारी होतं' असं समजू नकोस. १९८७ आणि १९८९ च्या मध्ये दोन वर्षं आहेत. तू सहा-सात महिन्यांत निकाल मागतेयस.

आणि निकाल कशावरून लागला? एका गिटारिस्टच्या मतावरून, जो स्वतः जुन्या गिग्जमध्ये प्यायलेला असायचा असं तूच लिहिलंयस. अगं त्याची आठवणही दोन पेग घेतलेलीच आहे ना! नौशाद एक किस्सा सांगायचे. 'शाहजहाँ' या १९४६ च्या सिनेमाच्या वेळी सैगल यांना दारू घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करायची सवय नव्हती. नौशादनी विनंती केली की एकदा न घेता गाऊ या, मग हवं तर घेऊन गा. दोन्ही टेक झाले. नंतर ऐकवल्यावर सैगलना स्वतःलाच न पिता गायलेला टेक जास्त आवडला. पण उशीर झाला होता, जानेवारी १९४७ मध्ये ते गेले, वय ४२. हिंदुस्थानातल्या सगळ्यात दर्दभऱ्या म्हणून ठरलेल्या आवाजाची ही गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

हा प्रयोग तू करू शकतेस, आणि त्यासाठी आत्ता प्यायची गरज नाही कारण पिऊन गायलेलं तुझ्याकडे आठ वर्षांचं पडलंय. साउंड डेस्कवरून घेतलेली रेकॉर्डिंग शोध, फोनवर प्रेक्षकांनी काढलेली नको, त्यात लोकांचा आरडाओरडाच जास्त ऐकू येतो आणि तोच आपल्याला आग वाटतो. तीन जुनी, तीन हल्लीची, शक्यतो तीच गाणी. तारखा काढून टाक, क्रम उलटसुलट कर, आणि तुझा बँड न ऐकलेल्या पण कान तयार असलेल्या दोघा-तिघांना ऐकव. फक्त एवढंच विचार की कुठली पुन्हा ऐकावीशी वाटली. काय उत्तर येईल ते मी सांगत नाही. काही जुनी खरंच जास्त आवडतील, तेही चालेल, पण मग 'आग' या हवेतल्या शब्दाऐवजी तुझ्या हातात काहीतरी ठोस येईल. गिटारिस्टलाही हेच सांग की दादा, आग गेली म्हणू नकोस, कुठलं गाणं, कुठली ओळ, तिथे पूर्वी काय करायचे आणि आता काय होत नाही ते दाखव.

आता आवाजाचं. तू लिहिलंयस की पूर्वीची खरखर गेली. गेली असेल, आणि ती सगळी तुझी कला नसेलही. रात्रभर दारू, धूर, झोप नाही, त्यावर ओरडून गाणं, याने स्वरयंत्राला सूज येते आणि आवाज जाड, खरबरीत होतो. शिवाय नशेत घसा ताणला जातोय हे जाणवतच नाही, दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. आता सूज उतरली असेल तर खालून तुझा मूळचा आवाज निघालाय, जो तू बहुतेक विशीनंतर नीट ऐकलेलाच नाहीस. ईएनटी डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीतून एकदा स्वरयंत्र बघून घे, गाठ वगैरे नाही ना याची खात्री कर, आणि गाणाऱ्यांबरोबर काम करणारा स्पीच थेरपिस्ट मिळाला तर त्यांना स्पष्ट सांग की मला खरखर हवीय पण घसा न फाडता. ते शिकवता येतं. दोन गाण्यांची पट्टी एखाद्या सुराने खाली आणून बघ. उंच किंचाळी नशेत मारता यायची म्हणून ती पट्टी तुझी होती असं नाही.

आणि आईकडे लहानपणी ख्याल शिकलीस ना? मग ब्लूजमधला तो प्रसिद्ध गंधार, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारा, तिथे मींडेने जायला तुझ्यापेक्षा कोण तयार असणार! तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव, रोज वीस मिनिटं फक्त त्या एका जागेवर ये-जा कर, वरून खाली, खालून वर, शब्दांशिवाय. मला वाटतं तुझी आग तिथे जास्त सापडेल.

खरं सांगू का, पत्र दोनदा वाचल्यावर मला आग गेल्याचं दुःख कमी आणि भीती जास्त दिसली. एका वाक्यात तू लिहून गेलीस की 'आता पहिल्या रांगेतले चेहरे दिसतात'. अगं तेच तर! पूर्वी दिसत नव्हते. दारू गात नव्हती, ती फक्त समोरची माणसं पुसत होती. म्हणजे तुझा प्रश्न गाण्याचा नसून स्टेजच्या भीतीचा आहे, आणि त्यावर समुपदेशकांकडे बरेच उपाय आहेत. (कोणीतरी दिलेली धडधड कमी करायची गोळी परस्पर घेऊ नकोस, ती पण डॉक्टरांना विचारूनच.) आणि छोटे शो कर. डिसेंबरचा शो हा सोबर झाल्यावरचा पहिला मोठा शो असेल तर त्याआधी कोणाच्या तरी घरच्या बैठकीत, वीस माणसांसमोर, अगदी चेहरे दिसतील असंच दोन-तीनदा गा.

आता आईचा पर्याय. इथे मला अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉपलिन आठवते, पण तिचा मृत्यू नाही, त्याच्या पाच वर्षं आधीचं. १९६५ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोहून घरी परतली होती, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलाच्या रिफायनऱ्यांच्या गावात. नशेने पार वाळली होती. घरी येऊन तिने सगळं सोडलं, केस नीट बांधायला लागली, जवळच्या कॉलेजात नाव घातलं, समुपदेशकाकडे जायला लागली. साधारण वर्षभर ती व्यवस्थित राहिली. आणि या काळात ती गात पण होती! ऑस्टिनला जाऊन एकटीच गिटार घेऊन गायची. म्हणजे नशा न करता गाणारी जॅनिस होती, हे विसरलं जातं. पण तिच्या मनात दोनच दारं होती, एकीकडे पोर्ट आर्थर म्हणजे शहाणपण आणि घुसमट, दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्को म्हणजे गाणं आणि नशा. १९६६ मध्ये दुसऱ्या दारातून गेली, पुढच्या वर्षी मॉन्टेरेच्या फेस्टिव्हलने ती स्टार झाली, आणि ४ ऑक्टोबर १९७० ला हेरॉइनने गेली, २७ व्या वर्षी. शेवटच्या 'पर्ल' अल्बमवर एक गाणं नुसतं वाद्यांचं आहे कारण त्यावर तिचं गायचं राहून गेलं.

तिला तिसरं दार कोणी दाखवलं असतं तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण तुला नाशिक किंवा दोन पेग यापलीकडे काही दिसत नाही म्हणून विचारते, बाकीची दारं मोजलीस का? हाच बँड पण वेगळ्या अटींवर. हाच बँड पण वर्षातून मोजकेच शो, पब बंद. दुसरी माणसं, गिटार आणि तू एवढंच. शनिवार-रविवार नाशिकला जाऊन आईबरोबर क्लास आणि बाकी पुणे. आईचं ऐकणं म्हणजे गाणं सोडणं असंही मला दिसत नाही, ती तर गाण्याचाच क्लास म्हणतेय. तिला तुझी काळजी वाटतेय, ब्लूजचा राग नाहीये. तिला तुझं एखादं नवं, सोबर रेकॉर्डिंग ऐकवलंयस का कधी?

बँडच्या अटी म्हणजे काय तर अगदी साध्या. बऱ्याच जागा गिगच्या पैशांबरोबर ड्रिंक्स फुकट देतात, तर तुझ्या वाट्याचं जेवण आणि घरी जायची कॅब मागून घे, बुकिंगच्या वेळीच, आयत्या वेळी नाही. ग्रीनरूममध्ये बाटली नको, बाकीच्यांना घ्यायचीय तर बारवर जाऊन घ्या. हे गिटारिस्टला जमत नसेल तर तो वाईट माणूस आहे असं नाही, पण मग तो तुझा बँड नाही. आठ वर्षांचं नातं आहे, तुटताना त्रास होईल, होऊ दे. 'फक्त त्या दिवशी' हे मात्र त्याच्याशी वाद घालत बसायचं प्रकरण नाही. ज्याला रोज लागायला लागली त्याच्यासाठी फक्त त्या दिवशी असं काही नसतं. हे तुझे डॉक्टर त्याला समजावतील, हवं तर त्याला एकदा सोबत घेऊन जा.

शोच्या दिवशी हातात काहीतरी ठेव, डफली, शेकर, काहीही, मोकळे हात थरथरतात आणि मग ग्लास शोधतात. पहिलं गाणं असं घे ज्यात बँड आधी बराच वेळ वाजवतो आणि तू मागून येतेस. आणि खरी धोक्याची वेळ शोच्या आधीची नसून नंतरची आहे, बारा ते दोन, अंगात वीज असते, सगळे म्हणतात चल ना सेलिब्रेट करू. तो वेळ आधीच कोणाला तरी देऊन ठेव. भाऊ न्यायला येईल, मैत्रिणीकडे जेवायला जायचंय, ए. ए. च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) कोणाला तरी फोन करायचाय, काहीतरी ठरलेलं हवं.

पुण्यात आहेस तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुझ्यापासून लांब नाही. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी मदत केली, आणि बायकांसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे. तू आधीच सोडलीयेस म्हणून जायची गरज नाही असं नाही, पाठपुरावा हा उपचाराचाच भाग असतो आणि तिथे तुला तुझ्यासारख्या बायका भेटतील. दारू पिणाऱ्या बाईला आपल्याकडे जे ऐकावं लागतं ते पुरुषाला लागत नाही, त्याबद्दल मोकळं बोलायला ती जागा बरी.

बाकी वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज भरपूर पीत असेल आणि हे वाचून उद्यापासून एकदम बंद करायच्या विचारात असेल तर थांबा, आधी डॉक्टर. अचानक बंद केल्याने फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, ते घरी सांभाळायचं काम नाही. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

आणि तू, डॉक्टरांचा फोन झाला की सेटलिस्ट कर आणि मला कळव. निदान पहिलं गाणं कुठलं आणि कुठल्या पट्टीत घेतेयस ते तरी.

तुझी,
ताई